हरभऱ्यावरचे तंबू

हरभरा फुलावर आला की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना या दिवसांत बरं वाटतं. कोणाला तुरीच्या उकडलेल्या शेंगा आठवतात, कोणाला गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, कोणाला सकाळच्या उन्हात पाठ शेकत बसणं. मला शिबिर आठवतं. आणि शिबिर आठवलं की राग येतो. बाईंचा येतो, मैत्रिणींचा येतो, त्या तलावाचा येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो नववीतल्या एका मुलीचा. तिचा एक फोटो माझ्या आईच्या ट्रंकेत आहे. दोन वेण्या, निळा स्कर्ट, मागे तंबू आणि त्याच्या मागे पाणी. आई तो दरवर्षी काढते आणि म्हणते, "कशी गोड दिसे तू!" गोड कसली, डोंबलाची.

यंदा तर हद्द झाली. मी जिथं शिकले त्याच सिंदीच्या शाळेत आता शिकवते. मधल्या सुट्टीत चहा घेता घेता मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, यंदा हिवाळी शिबिराच्या प्रमुख तुम्ही. सहा वर्षं झाली, तुम्ही काही ना काही काढून टाळता. कधी मुलाला ताप, कधी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. आता सुटका नाही. आणि तुम्हाला काही करायचंही नाही हो. ट्रक ठरलेला, स्वयंपाकी ठरलेला, जागा तर काय, आपली नेहमीचीच. पाण्याला लागून."

आपली. नेहमीची. मी तेव्हा पेपर तपासत होते. हातातल्या लाल पेनाची रेघ एका बिचारीच्या अगदी बरोबर उत्तरावरून सरळ खाली गेली. मी काही बोलले नाही. बोलायचं तेव्हा न बोलणं ही माझी जुनी सवय आहे.

ती सवय लागली ते वर्ष नव्वदीच्या सुरुवातीचं. हिवाळा होता. सिंदीत तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची आणि जिनिंगकडून येणारी रुई रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेली असायची. आमचं गाव सिंदीपासून कोसभर. बाबांचं अकरा एकर वावर, त्यात कापूस, तूर आणि घरापुरता हरभरा. मी रोज चालत शाळेत यायचे. वर्गातल्या निम्म्या मुली दुकानदारांच्या. त्यांच्या डब्यात जॅम-ब्रेड असायचा, माझ्या डब्यात भाकर. माझ्या तोंडून "मले" निघालं की मागच्या बाकावर खुसखुस व्हायची, म्हणून मी आठवीपर्यंत "मला" म्हणायला शिकले. नववीत तर मी घरीही "मला" म्हणू लागले होते. बाबा ऐकायचे आणि मिशीत हसायचे. पोरगी शिकून राह्यली, एवढंच त्यांना वाटायचं.

शिबिराच्या बाई आम्हाला इतिहास शिकवायच्या. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघ्याहून रोज यायच्या, इस्त्रीची साडी, मनगटात पुरुषी घड्याळ, गळ्यात शिट्टी. आजूबाजूच्या कुठल्याच शाळेतून तेव्हा मुली रात्री बाहेर राहायला जात नसत. बाईंनी एकेका घरी जाऊन आईबापांशी भांडून परवानग्या आणल्या होत्या. आमच्याही घरी आल्या. ओसरीत बसून बाबांना म्हणाल्या, "मुलींनाही आकाशाखाली झोपता आलं पाहिजे." बाबा म्हणाले, "आमच्या घरच्या बाया पिकाच्या जागलीले झोपतात वावरात, बाई. जाऊ द्या तिले." बाईंना ते उत्तर फारसं आवडलं नसावं, पण परवानगी मिळाली होती. बाई वाईट नव्हत्या. आज मी जी काही उभी आहे ती त्यांच्यामुळेच. म्हणून त्यांच्यावर मनसोक्त रागावताही येत नाही, आणि याचा मला आणखी राग येतो.

ट्रकमध्ये तंबूंच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही निघालो. सेलू गेलं, हिंगणी गेली, दोन्ही बाजूंना सागाचं रान लागलं. मुली गाणी म्हणत होत्या, थंड वाऱ्यानं सगळ्यांची नाकं लाल झाली होती. मग झाडं एकदम संपली आणि समोर बोरचं पाणी दिसलं. एवढं पाणी आमच्यातल्या बहुतेकींनी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे डोंगर, मध्ये एक काळं बेट, काठाशी बगळे. माझ्या शेजारी बसलेली ममता, कापडवाल्याची, ट्रकमध्येच उभी राहून ओरडली, "अगं माय गं, समुंदर!"

धरणाचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं. जसजसं उतरतं तसतशी खालची जमीन उघडी पडते. गाळाची, काळी, ओली, हाताला लोण्यासारखी लागणारी. नांगर तिथं चालत नाही, बैल रुततो. ज्यांची शेतं धरणात गेली ते लोक तिथं काडीनं भोकं पाडून एकेक दाणा टोबतात. पाण्यानं वर्षातून चार महिने परत दिलेली ती जमीन. तिला गाळपेर म्हणतात. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. आमच्या गावात सगळ्यांनाच माहीत असतं.

उतरल्यावर दोन जागा दिसत होत्या. वर मुरमाड माळ, पळसाची झाडं, पायाला टोचणारे गोटे, आणि पाणी तिथून बरंच लांब. खाली पाण्याला लागून सपाट हिरवा पट्टा. कडेनं बोराटीच्या काट्यांचं ठेंगणं कुंपण. मुलींचा गलका सुरू झाला, "बाई, खाली! बाई, पाण्याजवळ!" ऊन कलत होतं. बाईंनी त्या हिरव्याकडे पाहिलं, थोड्या घुटमळल्या, आणि मग मला हाक मारली.

"तू शेतकऱ्याची ना? इकडे ये. हे काय उगवलंय? पेरलेलं आहे की आपोआप आलेलं?"

अख्ख्या वर्गासमोर मला कोणीतरी काहीतरी विचारत होतं. भाकरवालीला विचारत होतं! पंचेचाळीस मुली माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. मी खाली पाहिलं. वीतभर हरभरा. ओळीत. आमच्याकडे त्या ओळीला तास म्हणतात. दोन झाडांत सारखं अंतर. कोणीतरी वाकून, कमरेवर हात ठेवत, पुन्हा वाकून लावलेला. आंधळ्यालाही कळलं असतं. मला पाण्याजवळ राहायचं होतं. मुलींना पाण्याजवळ राहायचं होतं, आणि त्यांना ते माझ्यामुळे मिळणार होतं.

"रानहरभरा आहे, बाई," मी म्हटलं. "पाणी उतरलं की आपोआप येतो. गवतच ते."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. ममतानं माझ्या गळ्यात हात टाकला. चार वर्षांत पहिल्यांदा.

मग काय, शिट्ट्या, हातोडे, दोर. तंबूंना जिल्ह्यातल्या नद्यांची नावं दिली होती. आमचा तंबू धाम. खुंट्या एका ठोक्यात आत जात होत्या. "काय सुंदर जमीन आहे!" बाई म्हणाल्या. पाऊस येण्याचं नावही नव्हतं, पण शिबिर म्हणजे तंबूभोवती चर खणायचा, म्हणून खणला. प्रत्येक तंबूला वीतभर खोल. उपटलेली झाडं बाजूला ढीग करून ठेवली आणि त्यावर अंथरुणं घातली, मऊ लागावं म्हणून. कुंपणाची बोराटी शेकोटीला झाली. मधोमध झेंड्याची जागा, तिच्याभोवती चुन्यानं रंगवलेले गोटे, तिथपर्यंत चुन्याच्याच दोन रेघा. स्वयंपाकाच्या चुली पाण्याच्या अंगाला. त्याच रात्री स्वयंपाक्यानं शेंडे खुडून हरभऱ्याची भाजी केली, ज्वारीचं पीठ लावून. सगळ्यांनी बोटं चाटली. मीही.

खरं सांगू? त्या दोन रात्रींइतकी मी कधी सुखी नव्हते. हे लिहितानाही दात-ओठ खावेसे वाटतात. पाण्यावर पडलेल्या चांदण्या मी पाहिल्या. पहाटे पाण्यातून वाफ निघते हे पाहिलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून ममतानं आणि मी एकमेकींच्या वेण्या घातल्या. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे आंब उतरते, आंबट, खारट दव. अनवाणी चाललं की घोट्याला चिकटते आणि भेगांमध्ये झोंबते. इतर मुली "काय चावलं गं?" म्हणून पाय खाजवत होत्या. मला माहीत होतं काय चावलं ते. मी पाण्यात पाय धुतले.

नंतर पुष्कळदा मी विचार केला आहे की बाईंना खरंच कळलं नसेल का. इतिहासाच्या असल्या तरी इथल्याच होत्या. बाजारातून हरभऱ्याची भाजी घेत असतीलच. मला वाटतं त्यांना कळलं होतं आणि त्यांना कोणाच्यातरी तोंडून "नाही" ऐकायचं होतं. शहराकडच्या माणसाला जागा मोकळी दिसते ती तिथं घर नसतं म्हणून. घर नाही, भिंत नाही, पाटी नाही, म्हणजे निसर्ग. आणि निसर्ग म्हटला की तो आपल्यासाठीच ठेवलेला. काट्याचं कुंपण दिसत असूनही ते कुंपण नसतं, सरपण असतं. हा आंधळेपणा शिकवावा लागतो. आम्ही पंचेचाळीस मुली तो तीन दिवसांत शिकलो, शेकोटीभोवती गोल बसून, बाईंनी सांगितलेलं "निसर्गाशी नातं" ऐकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायत संपली तेव्हा ती आली. पन्नाशीची असावी. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्यावर चुंबळ, हातात विळा. आदल्या दिवशी दुसऱ्याकडे कापूस वेचायला गेली होती म्हणून आली नव्हती, हे नंतर कळलं. ती चुन्याच्या रेघेपाशी थांबली. जणू ती रेघ ओलांडायला परवानगी लागणार होती. मग तिनं विचारलं, "कोण होय बाप्पा तुम्ही?"

"आम्ही शाळेच्या," बाई पुढे झाल्या. "मुलींचं शिबिर आहे. रीतसर परवानगी काढली आहे."

"परवानगी? हरबऱ्यावर?"

"मावशी, ही धरणाची जागा आहे. कोणाच्या मालकीची नाही."

"धरणाचीच होय. आमी कुठं नाई म्हनतो? पान्याखाली गेलती तवा आमची होती. आता पानी उतरलं का चार महिने पेरतो." तिनं विळ्यानं आमच्या तंबूकडे दाखवलं. "काऊन, दिसलं नाई का? तासानं पेरलं आहे."

बाईंचा चेहरा पडला. एक क्षण मला वाटलं, आता त्या चूक मान्य करतील. पण पंचेचाळीस मुली पाहत होत्या. पाहणारं माणूस असलं की खरं बोलणं किती जड होतं हे बाईंना आणि मला, दोघींनाही सारखंच माहीत.

"आम्हाला काय कल्पना?" त्या म्हणाल्या. "आम्ही विचारूनच तंबू लावले. आमच्यात शेतकऱ्याची मुलगी आहे. तिनं सांगितलं, हे रानात आपोआप येतं."

"कोणती?"

बाईंनी बोट दाखवलं. सगळ्या बाजूला झाल्या. ती बाई रेघ ओलांडून माझ्याजवळ आली. तिच्या अंगाला कापसाच्या कचऱ्याचा वास येत होता, माझ्या आईच्या अंगाला येतो तोच.

"शेतकऱ्याची होय वं तू?"

एक "हो" म्हणायचं होतं. एवढंच. हो, मावशी, मला दिसलं होतं. तंबू आत्ता उचलतो. निम्मी झाडं तरी वाचली असती.

"नाही," मी म्हटलं. "आमचं दुकान आहे. कपड्याचं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जो राग होता तो माझ्यासमोर विरत गेला. ती म्हणाली, "मंग बरोबर आहे. दुकानवाल्याच्या पोरीले कसं समजन?" आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

तिनं मला माफ केलं. खोट्यावर माफ केलं! शिव्या दिल्या असत्या तर मी त्या केव्हाच विसरले असते. पण तो हात बारा-तेरा वर्षं गालावर बसून आहे.

बाईंनी तिला चहा द्यायला लावला. तिनं तो घेतला, कप पाण्यावर जाऊन विसळून आणून दिला. मग तंबूंच्या मधल्या जागेत उकिडवी बसून तुडवलेली झाडं एकेक करून सरळ करायला लागली. मुळाशी माती दाबायची, पुढं सरकायची. आमचा खेळाचा तास सुरू झाला होता. चेंडू तिच्या बाजूला गेला की ती उचलून परत फेकायची.

रात्री तंबूत ममता त्या बाईच्या बोलीची नक्कल करत म्हणाली, "आमचं दुकान तू कधी घेतलं वं? पप्पांनी मले सांगतलंच नाई!" धाम तंबूतल्या सगळ्या मुली पोट धरून हसल्या. मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले.

शेवटच्या दिवशी बाईंनी शिकवलं, की चांगला शिबिरार्थी जागा जशी मिळाली तशी करून जातो. आम्ही चर बुजवले. राख गोळा करून टाकली. बिस्किटांचे कागद वेचले, चुन्याचे गोटे एका बाजूला रचले. बाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "बघा, कोणी आलं होतं असं वाटतं का?" त्या समाधानानं म्हणाल्या. जमीन स्वच्छ झाली होती. अंगणासारखी, एक काडी नाही. मला बक्षीस मिळालं, उत्कृष्ट शिबिरार्थीचं. जागा निवडताना केलेल्या मदतीचा खास उल्लेख होता.

घरी मी ते सगळं रंगवून सांगितलं. आई हातातलं काम सोडून ऐकत होती. बाबा जेवत होते. त्यांनी मध्येच विचारलं, "तंबू कुठं ठोकले?"

"पाण्याजवळ. काय मऊ जमीन होती, बाबा!"

"पान्याजवळ तं गाळपेर असते."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"हरबरा होता?"

"हो."

"तुले दिसला नाई?"

बाबांशी खोटं बोलायला जीभ वळली नाही. "दिसला," मी म्हटलं.

ते रागावतील, ओरडतील, ताट सरकवतील असं वाटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "किती तास मोडले?"

"मोजले नाही."

"पेरनाऱ्यानं मोजले असतीन," बाबा म्हणाले आणि पुढं जेवत राहिले.

आमच्याकडे पेरणीची पहिली मूठ घरातल्या लेकराच्या हातून सोडतात. मी चालायला लागले तेव्हापासून ती माझ्या हातची पडत होती. पुढच्या पेरणीला बाबांनी धाकटीला हाक मारली. मला कोणी काही म्हटलं नाही. मी पुस्तक घेऊन ओसरीत बसले होते, आणि आई म्हणाली, "तिचा अभ्यास आहे, राहू द्या." बाबा आजही मला "तुम्ही शाळेतले लोक" म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात असं सगळ्यांना वाटतं. बाबांचा मला राग येतो. एक थोबाडीत द्यायची होती आणि मोकळं व्हायचं होतं! पण नाही. त्यांनी शिक्षा अशी दिली की कोणाला ती शिक्षा आहे हे कळूसुद्धा नये.

आणि जागा? जागा पक्की झाली. त्या वर्षी शिबिर इतकं छान झालं की पुढच्या वर्षी तिथंच, त्याच्या पुढच्या वर्षीही तिथंच. बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपसमारंभात त्या तलावाकाठच्या फोटोंचा मोठा तक्ता लावला होता. त्यातल्या पहिल्या फोटोत मी. मी शिक्षिका म्हणून शाळेत आले तेव्हा शिबिराची फाइल माझ्या हाती आली होती. तीत लिहिलं होतं, "जागा सपाट, मऊ, रिकामी." कोणाच्या सांगण्यावरून हे लिहिलं ते सांगायला शाळेत आता मीच उरले होते, आणि मी फाइल कपाटात ठेवून दिली. मग सहा वर्षं ताप, ऑपरेशनं, लग्नं. माझ्या मुलाला शिबिराच्या आठवड्यात कधीच ताप आलेला नाही, बिचाऱ्याला. मी हात झटकून घरी बसायचे आणि तिकडे खुंट्या ठोकल्या जायच्या. नववीतल्या मुलीला निदान पाणी पाहायचं होतं. मला, तिशी गाठत आलेल्या बाईला, काय हवं होतं? नुसतं सुखानं राहायचं होतं.

त्या लाल रेघेनंतर दोन दिवसांनी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. हरभरा, कुंपण, ती बाई, माझं खोटं. ते ऐकून हसले. वाईट माणूस नाहीत, पण हसले.

"अहो मॅडम, इतक्या वर्षांत एक तक्रार आली नाही. आणि आपण नाही गेलो तर दुसरे जातील. वर माळावर मुलींना झोपवणार का? पालक मला फाडून खातील."

"मी प्रमुख आहे ना? मग जागा मी ठरवणार. माळावर."

"ठरवा बापा," ते म्हणाले. "गोटे टोचले की मुली तुम्हालाच शिव्या देतील."

"देऊ द्या," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की बाहेर शिपायानं दारातून डोकावून पाहिलं.

शिबिर शनिवारी. त्याच्या आधीच्या रविवारी मी एकटीच हिंगणीवरून धरणाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मावशी, मला ओळखलं का इथून सुरुवात करून, माफी मागून, यंदा कोणी येणार नाही असं सांगायचं. रस्त्यात दोन वेळा डोळे भरून आले. आपल्या माफीचं आपल्यालाच किती कौतुक असतं! धरणावर उतरले, काठाकाठानं चालत गेले. पाणी तसंच होतं, बगळे तसेच. बोराटीचं कुंपण होतं, हरभरा होता, फुलं गळून घाटे धरायला लागलेले. आणि ती होती. वाकली होती आता, केस पांढरे, पण तीच. तण काढत होती.

"मावशी, ओळखलं का?" मी विचारलं.

तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. "नाई बा. कोण होय तू?"

"खूप वर्षं झाली. शाळेच्या पोरींनी इथं तंबू लावले होते. सिंदीच्या. तुम्ही सकाळी आल्या होत्या."

"दरसालीच येतात ना. सिंदीचे येतात, वर्धेचे येतात, नागपूरचे गाड्या घेऊन येतात. कोणाकोणाले ध्यानात ठेवू?" तिनं माझी साडी, पर्स, चपला पाहिल्या आणि मग सरळच विचारलं, "शाळेतली होय ना? यंदा किती तारखेले येता?"

"शनिवारी आहे शिबिर, पण..."

"शनवारी." तिनं मनाशी काहीतरी ठरवलं. "उद्याच बजार आहे. मंग आजच उपटा लागते. मागच्या साली तुमचे लोक दोन दिवस आधीच आले, सांगतलं नाई, काई नाई. सारं गेलं. सांगाले आली, बरं केलं तुनं."

ती सांगत होती, आणि माझं पाठ केलेलं भाषण त्यातल्या कशालाच लागू पडत नव्हतं. मी समजत होते, मी तिचं एक वर्ष बुडवलं. तिनं तर आमच्या येण्याला हंगामच करून टाकलं होतं. पेरायचं, राखायचं, आणि तंबूवाले यायच्या आत ओलंच उपटून विकायचं.

"मावशी, थांबा," मी म्हटलं. "आम्ही यंदा वर माळावर लावतो तंबू. इथं नाही येत. मी सांगून राह्यली ना. पिकू द्या त्याले."

"असंच म्हनतात." ती रागावली नाही. "वरतं गोटे टोचतात. पोट्टे खालीच येतात. लेकरायले पानी पाह्यजे." आणि वाकून तिनं पहिलं झाड उपटलं. मुळाची माती झटकली, बाजूला ठेवलं. दुसरं उपटलं.

मला तिचाही राग आला. ओरड ना! माझी पर्स पाण्यात फेक, विळा दाखव, काहीतरी कर! तिसरं झाड, चौथं झाड. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो असावा असं मी तिला आजवर काहीही दिलं नव्हतं.

"मावशी, मी दुकानवाल्याची नव्हती!" मी ओरडले. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला. "त्या साली तुम्ही विचारलं होतं मले. मी खोटं बोलली. मी शेतकऱ्याची होय. मले समजलं होतं हा हरबरा होय म्हणून. मीच सांगतलं बाईले का गवत आहे म्हणून!"

तिनं मान वर केली. मी काय बोलते आहे, कोणत्या सालाचं बोलते आहे, यातलं तिला काही उमगलं असेल असं वाटत नाही. एकच गोष्ट तिनं धरली.

"शेतकऱ्याची होय तू?"

"हो."

"मंग उभी काऊन आहे? उपटू लाग. दिवस लहान आहे."

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि तिच्या शेजारच्या तासाला लागले. पहिल्या झाडाचा घाटा मी बोटांत दाबून पाहिला. दाणा अजून अर्धाच भरला होता.